होडी सरळ झाली

हल, २२ फेब्रुवारी १९८१

मामा,

अशी हाक मारणारं तुमच्या ओळखीत कुणी नसेल, म्हणून आधी मी कोण ते सांगतो. शाऊ-केई-वानच्या बंदरात, वादळात नावा येऊन थांबतात त्या आडोशात, शेक कम-हो नावाची बाई नावेवर राहते. ती तुमची थोरली बहीण. मी तिचा धाकटा मुलगा, फुंग ताय-लोई. आपण भेटलेलो नाही. मी तुम्हाला फक्त वर्तमानपत्रात पाहिलंय, न्यायाधीशाचा तो पांढऱ्या केसांचा टोप घातलेले. आईने तो फोटो कापून नावेत तिन-हाउ देवीशेजारी चिकटवला. बाबा तेव्हा होते. म्हणाले, "उदबत्ती जपून लाव, तुझ्या भावाच्या डोक्यावरची मेंढी पेटेल." तरी तिने तो काढला नाही.

मी इथे इंग्लंडात, हल गावात, तांग शेठच्या मासे तळायच्या दुकानात आहे. त्याआधी लिव्हरपूलला भांडी घासायचो, त्याआधी जहाजावर होतो. माझं बूड एका जागी ठरत नाही असं आई म्हणते. शाळा चौथीपर्यंत, कोळ्यांच्या मुलांची, तीही मासे आले की बंद. तेव्हा अक्षर आणि चुका दोन्ही चालवून घ्या.

लिहायचं कारण माझा दादा, ताय-शिंग. त्याला खुनासाठी जन्मठेप झालीय. त्याचं अपील मे महिन्यात तुमच्या कोर्टात येतंय. तीन न्यायाधीश बसणार, त्यांत एक तुम्ही. दादाने कुणाला मारलेलं नाही. हे प्रत्येक कैद्याचा भाऊ म्हणतो, ठाऊक आहे. म्हणून मी तेवढ्यावर थांबत नाही.

दादा आणि क्वोक पिंग यांची नाव अर्धी-अर्धी होती. क्वोकला किनाऱ्यावरच्या वसाहतीत खोली मिळाली, त्याच्या बायकोला पाण्यावरून उतरायची घाई झाली, आणि त्याने आपली अर्धी बाजू विकायला काढली. दादा म्हणाला, अर्धी नाव विकतात कशी, पुढची अर्धी की मागची? यावरून दोघं असे भांडले की सगळ्या आडोशाने ऐकलं. त्याच आठवड्यात दोघं लहान होडी घेऊन बंदराबाहेर जाळी काढायला गेले. परत आला तो एकटा दादा. क्वोक नंतर खडकांत सापडला.

झालं होतं ते एवढंच. जाळं खाली कशात तरी अडकलं, दोघांनी ते एकाच बाजूने ओढलं, आणि होडीचा तळ आकाशाकडे गेला. दादाने होडी पुन्हा पाण्यावर नीट बसवली, अंधार पडेपर्यंत क्वोकला शोधलं, मग स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे गेला.

तळ आकाशाकडे जातो तेव्हा किनाऱ्यावरचे लोक जो शब्द वापरतात तो मी इथे लिहीत नाही. तुम्हाला कळलाच असेल. आपण पाण्यावरचे लोक तो तोंडातून काढत नाही. समुद्राने ऐकला तर तो तसंच करतो. आपण म्हणतो, होडी सरळ झाली. पोलिसाने दादाला किनाऱ्याच्या शब्दात विचारलं, होडी तशी झाली का? दादा म्हणाला, "असं बोलू नका. सरळ झाली."

इंग्रजी कागदावर उतरलंय ते असं: होडी तशी झाली का? नाही. होडी सरळ होती.

खालच्या कोर्टात पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. सरकारी वकील म्हणाले, समुद्र शांत, होडी सरळ, मग पोहता येणारा धडधाकट माणूस पाण्यात गेला कसा? भांडण तर सगळ्यांनी ऐकलेलंच होतं.

आईने हे कागद इथे पाठवले. मी इंग्लंडात राहतो म्हणजे मला इंग्रजी येतं असं तिला वाटतं. तांग शेठची मुलगी सु-यिन गल्ल्यावर बसते, तिने वाचून अर्थ सांगितला. ती त्या ओळीवर आली तेव्हा मी आधी हसलो. मग तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

दादाच्या वकिलाला लगेच कळवलं. माणूस वाईट नाही. त्याने आडोशातल्या म्हाताऱ्यांना ऑफिसात बोलावून विचारलं, तुमच्यात 'सरळ झाली' म्हणजे काय? आह-सेक काका म्हणाले, "सरळ झाली म्हणजे सरळ झाली." दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, हे म्हणतात ते बरोबर आहे. अर्थ सांगायचा तर तो शब्द उच्चारावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना समुद्रावर जायचं होतं. वकिलाने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. विद्यापीठातल्या एका पंडिताला विचारलं, तर त्याने असं कधी ऐकलेलं नाही.

कोर्ट ज्याचं ऐकेल, आणि ज्याला पुन्हा समुद्रावर जायचं नाही, असा आपल्यात एकच माणूस आहे.

तुम्ही विसरला असाल असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. माझा आत्येभाऊ तुमच्या क्लबात वाढपी आहे. तो सांगतो, औयांगसाहेबांपुढे, म्हणजे तुमच्यापुढे, अख्खा मासा आला की ते वरची बाजू खातात आणि बशी बाजूला सारतात. मासा वळवत नाहीत, वाढप्याला काटा काढू देत नाहीत. तुमचे मित्र हसतात म्हणे, "औयांग, खालची बाजू सरकारजमा का?" आमच्या नावेवर वरची बाजू संपली की थोरली मुलगी काटा अलगद उचलते, मग सगळे खालची बाजू खातात. मासा वळवला की होडी वळते. हे मी तुम्हाला काय सांगायचं.

बाकीच्या दोन न्यायाधीशांना तेवढं सांगा. बाकी काही मागत नाही.

तुमचा भाचा,
ताय-लोई


हल, २० मार्च १९८१

मामा,

उत्तर आलं नाही. पत्ता सु-यिनने इंग्रजीत नीट लिहिला होता, तेव्हा पोचलं असणार. कदाचित तुम्हाला वाटलं असेल, नावेवरचा कुणीही उठेल आणि मामा म्हणेल. म्हणून आमच्याकडे तुमची गोष्ट जशी सांगतात तशी लिहितो. चूक असेल तिथे तुम्ही दुरुस्त करा. दुसऱ्यांचे निकाल दुरुस्त करायचंच तुमचं काम आहे म्हणतात.

तुम्ही नावेवर जन्मलात. नाव ठेवलं सुई-जाय, पाण्याचं पोर. नऊ वर्षांचे असताना त्या मोठ्या वादळात आजोबांची नाव सरळ झाली. आजोबा मिळाले नाहीत. आईने एका हाताने फळी धरली होती आणि दुसऱ्या हाताने तुमचे केस. धक्क्याच्या पायऱ्यांवर तुम्ही दोघं पडला होतात, तिथे औयांग मास्तर आले. ते रोज आजोबांकडून मासे घ्यायचे. त्यांनी विचारलं, काय झालं रे? तुम्ही म्हणालात, "नाव सरळ झाली." मास्तर म्हणाले, "सरळ झाली, मग रडतोस कशाला?"

आई हे सांगताना दर वेळी इथे हसते, आणि मग भांडी आवरायला लागते.

मास्तरांना मूल नव्हतं. आजीला नाव राहिली नव्हती आणि खाणारी तोंडं चार. तुम्हाला त्यांनी घरी नेलं, आडनाव दिलं, बूट दिले. आजीने आईला बजावलं, रस्त्यात दिसला तर हाक मारायची नाही, नाहीतर किनाऱ्यावरचे लोक त्याला परत पाठवतील. म्हणून आम्ही कुणी हाक मारली नाही. तुम्ही आम्हाला विसरलात असं मी लहानपणी म्हणायचो, तेव्हा आई म्हणायची, आधी आपण विसरलो, ठरवून विसरलो, त्याच्या भल्यासाठी.

मग शिष्यवृत्ती. मग जपानी आले, मास्तर तुम्हाला घेऊन चीनमध्ये आत कुठेतरी गेले. लढाईनंतर लंडन, कायदा, आणि परत येऊन लहान कोर्टातले न्यायाधीश. त्या दिवसांत आई माशाची टोपली बाहेर शेजारणीकडे ठेवून तुमच्या कोर्टात जाऊन बसायची. परवाना नसलेल्या फेरीवाल्या, मासे विकणाऱ्या नावेवरच्या बाया तुमच्यापुढे यायच्या. तुम्ही नावेवरच्यांना कमी दंड केलात असंही झालं नाही, जास्त केलात असंही नाही. आईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला खटकलं ते वेगळंच. बाई आपल्या भाषेत बोलायची, तुम्हाला सगळं कळायचं, तरी दुभाष्या इंग्रजीत सांगेपर्यंत तुम्ही खाली मान घालून थांबायचात, आणि त्याने सांगितलेलंच लिहायचात. ती म्हणाली, कोर्टाची रीत असेल, पण कानात आलेलं पाणी बाहेर काढून टाकायला किती कष्ट पडत असतील.

पुढे तुम्ही मोठ्या कोर्टात गेलात, मग अपिलाच्या. अपील म्हणजे काय हे आडोशात कुणाला कळेना. आह-सेक काका म्हणाले, दुसऱ्याने घाईत मारलेली गाठ सोडून पाहायची, आणि चांगली असेल तर तशीच पुन्हा मारायची. मला तरी यापेक्षा बरं कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही नावेवर जन्मलात हे तुमच्या क्लबात कुणाला ठाऊक नाही, असं आत्येभाऊ सांगतो. किनाऱ्यावरचे लोक आम्हाला काय काय म्हणतात ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. आम्ही समोर असलो की ते थोडं तरी दबून बोलतात. तुमच्यासमोर कशाला दबतील? पुढच्या वर्षी सगळ्यांत मोठी खुर्ची रिकामी होणार आणि तुमचं नाव त्यात आहे, हेही ऐकलंय. तेव्हा मी जे मागतोय ते फुकटचं नाही, एवढं मला समजतं.

माझं म्हणाल तर इथे रोज परीक्षा आहे. तांग शेठच्या कढईत मासा एका बाजूने झाला की दुसऱ्या बाजूवर करावा लागतो. मला होत नाही. मी झाऱ्याने तेल वरून ओतत बसतो. शेठ डोंगराकडच्या गावचे, त्यांना याचं हसू येतं. म्हणतात, "अरे, तेलात कुणाची होडी बुडाल्याचं ऐकलंयस का?" गिऱ्हाईक खोळंबलं की झारा हातातून घेऊन स्वतः करतात, आणि मी तेवढा वेळ बटाटे सोलतो. गेल्या आठवड्यात रॉटरडॅमच्या जहाजावर जागा होती. जवळजवळ गेलो होतो. मग वाटलं, तुमचं उत्तर इथेच येईल.

मे महिना फार लांब नाही.

ताय-लोई


हल, १६ एप्रिल १९८१

औयांगसाहेब,

उत्तर मिळालं. तुमचं नव्हे, तुमच्या कोर्टाच्या कारकुनाचं. सु-यिनने वाचलं, मग न सांगता घडी घालून ठेवलं, तेव्हाच मी समजलो.

त्यात लिहिलंय की खटला चालू असताना न्यायाधीशाला असं पत्र लिहिता येत नाही. माझी दोन्ही पत्रं सरकारी वकिलाला आणि दादाच्या वकिलाला दाखवली आहेत. न्यायमूर्ती औयांग त्या अपिलातून बाजूला झाले आहेत, त्यांच्या जागी दुसरे बसतील. आणि यापुढे मी त्यांना त्या खटल्याबद्दल लिहू नये.

म्हणजे त्या तिघांत ज्याला तो शब्द कळत होता तो एकच होता, आणि मी तिकीट लावून त्याला तिथून उठवलं. तांग शेठ म्हणाले, तू गप्प बसला असतास तर काय सांगावं, त्यांनी ती ओळ वाचून आपणच ओळखलं असतं. शेठना बोलायचं नव्हतं, बोलून गेले. सु-यिन त्यांच्यावर रागावली. पण शेठ बरोबर बोलले.

आईला फोन केला, आडोशाच्या पायऱ्यांवरच्या चहाच्या दुकानात. तिला सांगितलं. ती म्हणाली, त्याने पत्र दाखवलं म्हणजे त्यातलं सगळंच दाखवलं ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, नावेचं सुद्धा? आजोबांचं, वादळाचं? मी म्हटलं, हो, सगळं. मग फोनचे पैसे संपले.

मला मात्र राग आहे. मी तुम्हाला मामा म्हणून लिहिलं आणि तुम्ही ते सरकारी वकिलाच्या हातात दिलंत. कायदा असेल. तुम्ही लहान कोर्टात मान खाली घालून दुभाष्याची वाट पाहत थांबायचात, तसेच आताही थांबणार असाल. दादा मात्र वाट पाहत म्हातारा होईल.

कारकून म्हणतो लिहू नका. पण तुम्ही आता त्या खटल्यात न्यायाधीश नाही. मग तुमच्यात उरलं कोण? मामाच ना? मग मामाला लिहायला मला कोण अडवतो. हे पत्रही हवं तर दाखवा त्यांना.

लोई


हल, ९ जून १९८१

मामा,

काल आईची कॅसेट आली. तिला लिहिता येत नाही, म्हणून शेजारच्या पोरीचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बोलते. दुकान बंद असताना मी आणि सु-यिन आणि तांग शेठ, तिघांनी ऐकली. कोर्टात काय झालं ते तुम्हाला मी सांगायचं म्हणजे गंमतच. पण तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे होतात आणि आई मागच्या बाकावर, आणि तिथून जसं दिसलं तसं तुम्हाला ठाऊक नसेल. म्हणून लिहितो.

माझी पत्रं वाचून दादाच्या वकिलाने तुम्हाला साक्षीला बोलावलं होतं, पण आईला वाटलं होतं तुम्ही येणार नाही. ती दादाला पाहायला गेली होती. मधल्या खुर्चीवर ते वयस्कर गोरे न्यायाधीश, दोन्हीकडे दोघं. दादाच्या वकिलाने साक्षीदार बोलावला आणि बाजूच्या दाराने तुम्ही आलात, टोप नाही, झगा नाही, करड्या कोटात. आई म्हणते, तिने आधी ओळखलंच नाही, कारण तिच्या फोटोत मेंढी आहे. मग तुम्ही पायरी चढताना डावा हात कठड्याला लावला, आजोबा नावेवर चढताना लावायचे तसा, आणि तिला कळलं.

गोऱ्या न्यायाधीशांनी विचारलं, साक्ष इंग्रजीत द्याल ना? तुम्ही म्हणालात, ज्या भाषेबद्दल बोलायचं आहे त्या भाषेत देईन. दुभाष्या तोच होता, खालच्या कोर्टात दादाचं बोलणं सांगणारा, चष्मेवाला म्हातारा. तो सारखा चष्मा पुसत होता. तुम्ही त्याच्याकडे वळून म्हणालात की तुमची चूक नाही, शब्द तुम्ही बरोबर सांगितलात, आम्हीच तो सरळ अर्थाने वापरत नाही. आणि मग तुम्ही एक वाक्य बोलायचात आणि थांबायचात, तो इंग्रजीत सांगेपर्यंत. आई म्हणते, आयुष्यभर तो वर बसून थांबला, त्या दिवशी खाली उभा राहून थांबला, आणि पहिल्यांदा मला ते बरं वाटलं.

तुम्ही सांगितलंत की मी शाऊ-केई-वानच्या आडोशात नावेवर जन्मलो, बापाचं आडनाव शेक. कोर्टात कुजबुज झाली. वकिलांच्या बाकांवर कुणीतरी पेन खाली पाडलं. तुम्ही वादळाचं सांगितलंत, मास्तरांचं सांगितलंत, "मग रडतोस कशाला" हेही. तिथे कुणी हसलं नाही.

सरकारी वकील उठले. आई म्हणते माणूस सभ्य होता, पण मासा साफ करावा तसं बोलत होता. तो म्हणाला, साहेब, एवढी वर्षं तुम्ही किनाऱ्यावर आहात. शिकलेले आहात. नऊ वर्षांच्या मुलाची भीती तुम्ही केव्हाच टाकली असेल. मग हा आरोपी, जन्मठेपेचा प्रश्न असताना, एका शब्दाला भिऊन गप्प राहिला, हे आम्ही कसं मानायचं?

तुम्ही म्हणालात, "माझे निकाल वाचा. खालच्या कोर्टांचे कितीतरी निकाल मी रद्द केले, मोडले, बाजूला ठेवले. वकील लोक त्या ठिकाणी जो शब्द सर्रास वापरतात, तो माझ्या एकाही निकालात सापडला तर मला दाखवा."

यावर मधले न्यायाधीश खुर्चीत मागे टेकले. दादाच्या वकिलाचा कारकून आईशेजारी बसून तिला अर्थ सांगत होता. तो म्हणाला, आजी, हे सगळ्या वकिलांना ठाऊक आहे, औयांगसाहेब निकाल नेहमी बाजूला ठेवतात, यावर ते चेष्टा करतात, त्यांना वाटायचं ही साहेबांची इंग्रजीची शैली आहे.

मग सरकारी वकिलाने शेवटचं विचारलं. म्हणाला, कागदावर स्पष्ट यायला हवं. 'सरळ झाली' म्हणजे नेमकं काय, ते किनाऱ्यावरच्या शब्दात सांगा. तो शब्द बोला.

तुम्ही दादाकडे पाहिलंत. दादाने मान हलवली, नको म्हणून. आपल्या सुटकेपेक्षा त्याला तुमची काळजी. तुम्ही कठडा धरलात आणि म्हणालात,

"उलटली."

आणि मागच्या बाकावरून माझी आई, जिने चव्वेचाळीस वर्षं तुम्हाला हाक मारली नाही, उभी राहून म्हणाली, "सुई-जाय, थुंक आणि पुन्हा बोल."

शिपाई धावला. दुभाष्याची पंचाईत झाली, कारण कोर्टात बोललेलं सांगायला हवं, आणि हे कोर्टाशी बोललेलं नव्हतं. मधल्या न्यायाधीशांनी त्यालाच विचारलं, या बाई काय म्हणाल्या? त्याने सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे. न्यायाधीशांनी शिपायाला हाताने थांबवलं आणि म्हणाले, साक्षीदाराला त्याच्या बहिणीचं ऐकू द्या.

तुम्ही खिशातून रुमाल काढलात, तोंड बाजूला केलंत, त्यात हळूच थुंकलात, घडी घातलीत. मग लहान मुलासारखं म्हणालात, "सरळ झाली."

कारकून म्हणाला, आजी, अशी साक्ष मी कधी पाहिली नाही.

दुपारनंतर निकाल सांगितला. मधले न्यायाधीश वाचत होते, एका ठिकाणी थांबले, पेनाने काहीतरी खोडलं, आणि म्हणाले, खालच्या कोर्टाचा निकाल हे कोर्ट बाजूला ठेवत आहे. दादाला सोडा.

तांग शेठनी इथे कॅसेट थांबवली आणि नाक शिंकरलं. म्हणाले, तेलाच्या धुराने होतं. दुकान बंद होऊन दोन तास झाले होते.

दादा घरी आला. आधी क्वोकच्या बायकोकडे गेला, त्या वसाहतीतल्या खोलीवर. तिने दार उघडलं, भाताची वाटी पुढे ठेवली. त्याने खाल्ली. आडोशात यापेक्षा जास्त बोलायची रीत नाही.

तुमच्या मोठ्या खुर्चीचं कळलं. ती दुसऱ्याला मिळाली. वर्तमानपत्रात तुम्हाला 'नावेवरचे न्यायमूर्ती' म्हटलंय आणि खाली कुणीतरी पत्र लिहून नाक मुरडलंय, सु-यिनने वाचून दाखवलं. मी विचारणार नाही वाईट वाटलं का. एप्रिलात मी जे लिहिलं ते तुम्ही वाचलं असेल. ते दाखवलं असेल तर तेवढं परत मागून घ्या.

आई सांगते, निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पायऱ्यांवर आला होतात. बूट काढून हातात घेतलेत. नावेपर्यंत आलात आणि फळीवर पाय ठेवायच्या आधी थांबलात. ती आतून पाहत होती. तिनेही हाक मारली नाही, सवय नाही. मग तुम्ही गेलात. कॅसेटवर या ठिकाणी तिचा आवाज नाही, नुसतं नावेला लागणारं पाणी ऐकू येतं, बराच वेळ. सु-यिनला वाटलं टेप खराब आहे. मी तिला बंद करू दिली नाही.

मी ऑगस्टमध्ये परत येतोय. दादाला जाळं ओढायला दुसरा माणूस हवा, समोरच्या बाजूने. तांग शेठ म्हणाले, जा बाबा, तुझ्यामुळे माझा मासा एका बाजूने कच्चाच राहतो. सु-यिन गल्ला पुन्हा मोजायला लागली. तिचं मी परत आल्यावर सांगेन.

हे पत्र लिहिताना तो शब्द मी एकदाच लिहिला. लिहून झाल्यावर मागच्या दाराशी जाऊन थुंकून आलो, आणि तुमच्यासारखंच पुन्हा म्हणालो.

कॅसेटच्या शेवटी आईचा निरोप आहे, तो जसाच्या तसा देतो. म्हणाली, "मामाला तूच लिही. शिपायाहाती चिठ्ठी पाठवायला मी काय आरोपी आहे? म्हणावं, जुलैच्या पहिल्या रविवारी ये. मोठा मासा आणते. वरची बाजू तू खा, तेवढी तुला येते. काटा मी काढून देईन."

तुमचा भाचा,
लोई